६ केजी की ०.६ एमपीए? दाबाची एककं समजून घेताना

मार्चमध्ये मामांचा थेट पाईपच्या दुकानातून फोन आला. विहिरीपासून डोंगराकडच्या वरच्या तुकड्यापर्यंत पाईपलाईन टाकायची होती. "अगं, मी सहा केजीचा पाईप मागितला, आणि हा पोरगा ०.६ छापलेला देतोय. दहापट हलका माल गळ्यात मारतोय का काय?"

मी विचारलं, "मामा, ०.६ च्या पुढे काय लिहिलंय?"

"एमपीए."

"मग घ्या. तोच सहा केजीचा आहे."

मामांनी घेतला, पण त्यांच्या मनातली शंका गेली नाही. माझ्याही डोक्यात विषय राहिला, कारण मामांची चूक काहीच नव्हती. टायरमध्ये हवा भरताना पीएसआय, दवाखान्यात बीपी मोजताना मिलिमीटर पारा, वादळाच्या बातमीत हेक्टोपास्कल, मोटारीच्या पाटीवर मीटरमध्ये हेड, सीएनजीच्या टाकीवर बार, पाईपवर केजी किंवा एमपीए. हे सगळं मोजतं एकच गोष्ट: दाब. तरी प्रत्येकाचे आकडे इतके वेगळे, की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं वाटतच नाही.

संबंध आहे आणि तो सोपा आहे. पण गुणाकाराच्या आधी दाब म्हणजे काय हे हाताला लागायला हवं.

भाताच्या खाचरात उतरलं की पाय घोट्यापर्यंत रुततो. त्याच चिखलावर फळी टाकून उभं राहिलं तर फळी जेमतेम दबते. माणूस तोच, वजन तेच. फरक एवढाच, की तेच वजन आता जास्त जागेवर वाटलं गेलं. दाब म्हणजे हेच: एकूण बल भागिले ते ज्या क्षेत्रफळावर पडतं ते. ६० किलोच्या माणसाचे दोन्ही तळवे मिळून साधारण ३०० चौरस सेंटीमीटर धरले, तर दर चौरस सेंटीमीटरवर ०.२ किलोचा भार येतो. तेच वजन एका चौरस सेंटीमीटरच्या उंच टाचेवर आलं, तर तिथे ६० किलो.

यातूनच मामांचं 'केजी' निघालं. पाईपच्या दुकानात 'सहा केजी' म्हणतात तेव्हा त्याचा पाईपच्या वजनाशी काही संबंध नसतो. पूर्ण शब्द आहे 'दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा भार'. बोलण्यात मागचा अर्धा भाग गळाला आणि केजी तेवढं उरलं. पीएसआयही तसंच: दर चौरस इंचाला इतके पौंड. दोन्हींची कल्पना एकच. फक्त तराजू आणि फूटपट्टी वेगळी.

शास्त्राने पुढे वजनाऐवजी बलाचं एकक घेतलं, न्यूटन. पृथ्वीवर साधारण १०२ ग्रॅमच्या वस्तूला जेवढं वजन असतं तेवढं एक न्यूटन. हे बल एका चौरस मीटरवर पसरलं की होतो एक पास्कल. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचं नाव या एककाला १९७१ मध्ये अधिकृतपणे मिळालं. एक पास्कल किती लहान असतो? झेरॉक्सचा नेहमीचा ८० जीएसएम कागद म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. असा एक कागद टेबलावर सपाट ठेवला, की तो टेबलाला सुमारे ०.८ पास्कलने दाबतो. इतकं बारीक एकक रोजच्या कामाला परवडत नाही. म्हणून हजाराचा किलोपास्कल, दहा लाखांचा मेगापास्कल, म्हणजे मामांचा एमपीए, आणि हवामानवाल्यांसाठी शंभराचा हेक्टोपास्कल.

आता उरतात मीटर आणि मिलिमीटर. लांबीच्या मापात दाब कसा काय मोजतात? हा प्रश्न मला शाळेत फार छळायचा. त्याचं उत्तर पाण्याच्या टाकीत आहे. नळाला येणारा दाब टाकी किती मोठी आहे यावर ठरत नाही. ती नळापासून किती उंच आहे एवढ्यावरच ठरतो. एक चौरस सेंटीमीटर तळाचा आणि १० मीटर उंचीचा पाण्याचा खांब डोळ्यांसमोर आणा. त्यात बरोबर एक लिटर पाणी मावतं, म्हणजे एक किलो. ते एक किलो एका चौरस सेंटीमीटरवर उभं आहे. म्हणून १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ केजी. खांब रुंद केला तर पाणी वाढेल, पण तळाची जागाही तेवढीच वाढेल आणि दाब तोच राहील. पंधराशे लिटरची टाकी असो की पाचशेची, गच्ची तीच असेल तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरची धार तेवढीच बारीक. मोठी टाकी बसवून धार वाढत नाही. टाकीखाली स्टँड चढवला तर वाढते.

मोटारीच्या पाटीवरचं 'हेड' हेच आहे. ३० मीटर हेड म्हणजे ती मोटार ३ केजी दाब देऊ शकते. फुटांत बोलायचं तर १०० फूट म्हणजे जवळपास ३ केजी.

पाण्याऐवजी पारा घेतला तर खांब बुटका होतो, कारण पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेलाही वजन आहे, आणि ते पेलायला किती उंच खांब लागतो हे इटलीत टॉरिसेली नावाच्या शास्त्रज्ञाने १६४० च्या दशकात दाखवून दिलं. एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी केली, तर पारा सगळा खाली येत नाही. सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबतो. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला दाबत असते आणि त्या दाबावरच नळीतला खांब तोलला जातो. पाण्याचा असा खांब १०.३ मीटरचा होतो. पास्कलने पुढे विचार केला, की डोंगरावर हवा कमी, तर पाराही खाली उतरायला हवा. १६४८ च्या सप्टेंबरात त्याचा मेव्हणा फ्लोराँ पेरिए नळी आणि पारा घेऊन फ्रान्समधल्या प्यूई द डोम या डोंगरावर चढला. पायथ्याच्या गावापेक्षा माथ्यावर पारा आठ सेंटीमीटरहून अधिक खाली होता.

हा १०.३ मीटरचा आकडा आपल्या विहिरींवरही राज्य करतो. काठावर ठेवलेली साधी मोटार पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो. खरं तर ती पाईपमधली हवा काढते आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची सगळी ताकद १०.३ मीटर पाण्याइतकीच. शिवाय पाईपमधलं घर्षण आणि इतर तोटे धरले, की प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे काही खरं नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटार विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते, नाहीतर पाणबुडी मोटार टाकावी लागते. कितीही हॉर्सपॉवर लावले तरी काठावरून पंधरा मीटर खोल असलेलं पाणी ओढलं जाणार नाही. ढकलायला मात्र अशी मर्यादा नाही. पाणबुडी मोटार शंभर मीटर खालून पाणी वर फेकते, कारण ती खालून ढकलते.

एवढं कळलं, की सगळ्या एककांना जोडणारा पूल हाताशी येतो. तो पूल म्हणजे समुद्रसपाटीवर आपल्या भोवतीच्या हवेचा दाब, 'एक वातावरण':

१ वातावरण = १०१.३ किलोपास्कल = १०१३ हेक्टोपास्कल = १.०१३ बार = १.०३३ केजी = १४.७ पीएसआय = ७६० मिलिमीटर पारा = १०.३ मीटर पाणी

मला विचाराल तर पाठ करायची गोष्ट एवढी एकच. बार म्हणजे बरोबर एक लाख पास्कल, हवेच्या दाबाच्या जवळ जाणारा सोयीचा गोल आकडा. वातावरण, बार आणि केजी ही तिघं भावंडं आहेत आणि त्यांच्यात फार तर तीन टक्क्यांचा फरक आहे. पाईप, टायर, फवारणी पंप अशा कामांत तिघांना एकच मानलं तरी बिघडत नाही. एक एमपीए म्हणजे १० बार, म्हणजे साधारण १० केजी. अचूक सांगायचं तर ०.६ एमपीए म्हणजे ६.१ केजी. मामांना उलट थोडं जास्तच मिळालं.

पीएसआयवरून केजीवर यायला मी एक युक्ती वापरते. सातने गुणायचं आणि दशांशचिन्ह दोन घरं मागे न्यायचं. ३२ पीएसआयचं टायर: ३२ गुणिले ७ म्हणजे २२४, म्हणून २.२४ केजी. बारमध्ये २.२ आणि किलोपास्कलमध्ये २२०. जर्मनीत गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांना पंपावर हवेचं यंत्र बारमध्ये दिसतं. तिथे ३२ शोधत बसायचं नाही, २.२ वर थांबायचं. पारा आणि किलोपास्कल यांच्यात साडेसातचा भाग लागतो: १२० ला ७.५ ने भागलं की १६. म्हणजे १२०/८० चं बीपी किलोपास्कलमध्ये १६/१०.७ होतं. तसं कोणी सांगितलं तर घाबरायला नको.

बीपीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घरोघरी आता मशिन आहे. आज त्यात पारा नसतो, तरी आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच येतो, इतकी त्या जुन्या नळीची सवय वैद्यकाला आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त किती वर चढतं ते पाहिलं होतं. त्याने ते १७३३ मध्ये प्रसिद्ध केलं. रक्त आठ फुटांहून वर गेलं होतं. माणसाचा १२० मिलिमीटर पारा पाण्यात मोजला तर १.६ मीटर होतो. म्हणजे रक्तदाबही शेवटी एक हेडच आहे, आणि म्हणून मोजताना उंचीला महत्त्व येतं. पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल, तर तेवढ्या रक्ताच्या खांबाचा दाब वाढून आकडा साधारण ८ ने जास्त दिसतो. दंड वर उचलला असेल तर तेवढाच कमी. आई-बाबांचं बीपी घेताना हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीवर ठेवा. गोळी वाढवायची की नाही असा निर्णय कधीकधी आठ-दहा आकड्यांवर अडलेला असतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. एकक नीट बदललं तरी उत्तर चुकू शकतं, जर दाब कुठून मोजायला सुरुवात केली हे पाहिलं नाही तर. पंक्चर झालेल्या टायरला गेज लावला तर शून्य दाखवतो. पण आत हवा आहेच, बाहेर आहे तेवढ्याच दाबाची. गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच सांगतो. त्याला गेज दाब म्हणतात. निर्वातापासून मोजला तर तो निरपेक्ष दाब. टायर, पाईप, कुकर, बीपी हे सगळे गेज दाब. हवामानाचा दाब मात्र निरपेक्ष.

घरातला कुकर घ्या. त्याची शिट्टी हे किती सुंदर यंत्र आहे हे मला फार उशिरा कळलं. समजा वाफेच्या भोकाचा व्यास ३ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटीमीटर. आत १ केजी दाब झाला की या भोकावर ७० ग्रॅमचं बल येतं. म्हणून शिट्टी ७० ग्रॅमची केली, की ती बरोबर १ केजीला उचलली जाते. ना स्प्रिंग, ना तार, नुसतं वजन आणि भोक. दुसऱ्या कुकरची शिट्टी बसवू नये, ते यासाठीच: भोक आणि वजन यांची ती जोडी असते. आता हा १ केजी गेज आहे. बाहेरची हवा मिळवली तर आतली वाफ २ केजी निरपेक्ष दाबाखाली असते. तिथे पाणी १०० ला नाही, साधारण १२० अंशांना उकळतं, आणि तूरडाळ पटकन शिजते. महाबळेश्वरला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ८६० हेक्टोपास्कल असतो, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी साधारण साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळतं आणि डाळ रेंगाळते. कुकरमध्ये मात्र शिट्टीचा १ केजी तसाच मिळवला जातो आणि तापमान दोन-तीन अंशांनीच घसरतं.

टायरचंही तसंच. नागपुरात डिसेंबरात दुपारी ३० अंश असताना ३२ पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १० अंशांवर आला, तर सकाळी किती दिसेल? हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (अंश सेल्सिअस अधिक २७३) प्रमाणात कमी होतो, पण तो निरपेक्ष दाब. म्हणून आधी बाहेरची हवा मिळवायची, तिथली साधारण १४: ३२ आणि १४ मिळून ४६. त्याला २८३ ने गुणून ३०३ ने भागलं की ४३. आता १४ परत वजा करा: २९. टायर कुठेही गळत नाही, तरी सकाळी तीन पीएसआय कमी. म्हणून हवा गाडी थंड असताना तपासावी.

हाच गोंधळ पुण्यात फोनवर दिसतो. काही फोनमध्ये वायुदाबमापी असतो. पुण्यात तो ९५० च्या आसपासचा आकडा दाखवतो. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाच्या केंद्रातला दाबही सुमारे ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. मग पुण्यात रोज चक्रीवादळ का नाही? कारण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर आहे, आणि तेवढ्या उंचीची हवा डोक्यावर नाहीच. हवामान खातं प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीवर असता तर किती भरला असता हे काढून नकाशावर मांडतं. तसं केलं की पुण्याचे ९५० पुन्हा हजाराच्या वर जातात. तौक्तेचे ९५० मात्र खुद्द समुद्रावरचे होते. आणि जुन्या बातम्यांतले मिलिबार म्हणजेच आजचे हेक्टोपास्कल. तिथे काहीच बदलायचं नाही.

विमानात तर या गोष्टींवर जीव अवलंबून असतो. विमानाची उंची हवेच्या दाबावरून काढतात आणि त्यासाठी वैमानिकाला खालचा दाब यंत्रात भरावा लागतो. भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत इंच पाऱ्यात. प्रमाण दाब इंचांत २९.९२. आता विमानतळाने ९९२ सांगितलं आणि अमेरिकी सवयीच्या कानाने ते २९.९२ ऐकलं तर? ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे खरं तर २९.२९ इंच. एवढ्या फरकाने विमान यंत्रावर दिसतं त्यापेक्षा सुमारे ६०० फूट खाली असतं. ढगात उतरताना ६०० फूट म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून तिथे आकड्यासोबत एककही उच्चारायचं असतं.

मामांकडे परत येते, कारण पाईप घेऊन झाला तरी सहा केजी पुरेल का हा प्रश्न बाकी होता. संध्याकाळी आम्ही दोघांनी फोनवर हिशेब मांडला. विहिरीतल्या पाण्यापासून वरच्या तुकड्यापर्यंत चढ ३८ मीटर. वर ठिबक चालवायला १ केजी लागतो, म्हणजे १० मीटर. पाईपमधलं घर्षण आणि फिल्टर मिळून ५ मीटर धरले. एकूण ५३ मीटर, म्हणजे मोटारीपाशी ५.३ केजी. सहाच्या आत आहे, पण काठावर. आणि आपल्याकडे लाईट कधीही जाते. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडलं तर पीव्हीसी पाईपमध्ये ३-४ केजींचा धक्का बसू शकतो. तो ५.३ मध्ये मिळवला तर सहाचा पाईप तळाशी फुटायला एवढं कारण पुरे.

"मग सगळा दहाचा घेऊ?" मामा म्हणाले.

"नको. वर जाल तसा दाब कमी होतो ना. दर दहा मीटर चढावर एक केजी."

सुमारे तीस मीटर चढ संपतो तिथे दाब दोनच्या आसपास येतो. त्यामुळे वरच्या भागाला आणलेला सहाचा पाईप धक्का धरूनही चालून जातो. मामांनी खालच्या टप्प्यासाठी १.० एमपीए छापलेला, म्हणजे दहा केजीचा पाईप बदलून आणला, आणि मोटारीच्या पुढे पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. या वेळी दुकानातून फोन आला नाही.